खाडी तापवणारी बाई

बोनाव्हिस्टाला वारा पाहुणा म्हणून येत नाही,
घरजावई म्हणून राहतो.
ऑगस्टा टिझर्डबाईंकडे तर
जिन्याखाली त्याची ठरलेली खुर्ची आहे,
तिथे दुसरं कुणी बसत नाही.

मी घरांची गळती मोजतो. पाण्याची नव्हे, उबेची.
पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवायचं,
कापडात पंखा, पंख्याचं तोंड बाहेर,
आणि घराला सांगायचं, सोड श्वास.
घर सोडतं.
मग जिथून जिथून ते चोरून आत घेतं
त्या सगळ्या जागा बोलायला लागतात:
बटणांच्या पाट्या, माळ्याची झडप,
सिंकखालचं भोक, ज्यातून कधीकाळी एक नळ जात असे,
धुराड्याभोवतीची बोटभर फट.

धुराची कांडी घेऊन मी भिंतीभिंतीने फिरलो.
मागोमाग बाई, दोन स्वेटर,
वर नवऱ्याचं होडीवरचं जाकीट.
"भिंतींना कान असतात हे ऐकलं होतं," म्हणाल्या,
"नाकं असतात हे आज कळलं."

ऑक्टोबरपासून त्या स्वयंपाकघरातच झोपतात.
वरच्या तीन खोल्या बंद.
शिवणयंत्र वर, लग्नातला पलंग वर,
उन्हाळाही वरच कुठेतरी.
तेलाच्या टाकीचा काटा त्या रोज सकाळी
आजाऱ्याची नाडी बघावी तसा बघतात.

हिशेब केला.
सगळ्या फटी एके ठिकाणी आणल्या तर
या खिडकीएवढं भोक होतं, मी म्हणालो,
बारा महिने सताड उघडं.
त्यांनी खिडकी पाहिली. खिडकीपलीकडे खाडी,
काठाला बर्फाची साय.
"म्हणजे सेहेचाळीस वर्षं मी खाडी तापवत होते.
आणि मेली अजून थंडच."

भिंत उघडली तर आत लाकडाचा भुसा,
खचून कमरेएवढा उरलेला, वर नुसती पोकळी.
आणि वर्तमानपत्राचा एक बोळा. उलगडला:
मिठाचा भाव, कुणाच्या तरी हरवलेल्या गाईची जाहिरात.
"सापडली का?" त्यांनी विचारलं,
जणू मला माहीत असणार.

आम्हीही भिंतीत वर्तमानपत्रंच भरली,
दळलेली, राखाडी, पाइपातून फुंकून.
गेल्या वर्षीच्या निवडणुका, वादळाचे इशारे,
अनोळखी माणसांच्या मृत्यूच्या बातम्या,
सगळं आता टिझर्डबाईंना ऊब देत उभं.

तीन आठवड्यांनी फोन.
"घर मुकं झालंय. झोप लागत नाही."

गेलो. जिन्याखालच्या खुर्चीत मांजर होतं.
पुन्हा पंखा लावला. आकडा उत्तम.
मुकेपणाला माझ्या तक्त्यात रकाना नाही.
चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या,
"अझराया रात्री उठून दोर तपासायला जायचा.
तो गेल्यावरही वारा शिरला की जिना करकरायचा.
मी म्हणायची, ये, झोप आता."

मी काय बोलणार,
माझ्या पेटीत फोम होता आणि रबराच्या पट्ट्या.

मग मला वर घेऊन गेल्या. तिन्ही खोल्या उघड्या.
यंत्रावर निळं कापड, सुई अर्ध्या टाक्यात थांबलेली.
पलंगाशेजारच्या खिडकीत लाकडी चमचा अडकवलेला,
दोन बोटं फट,
आणि त्या फटीतून येणारा वारा
नव्या जावयासारखा, जरा बिचकत.
मी चमच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे.
"ही मी ठेवलीय. अहवालात लिहायचं तर लिही."

लिहिलं नाही.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता.
आमच्या दाराखाली गुंडाळलेला जुना टॉवेल,
चार हिवाळे झाले, तोच.
पायाने सरकवून आत गेलो
आणि पायानेच परत जागेवर लावला.